कंबर वेचणीत नाही, बादलीत गेली



मागच्या अंकात गुडघ्यांविषयी लिहिले. त्यावर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न मात्र गुडघ्यांचा नव्हता. "कमरेचं कधी लिहिणार?" असा होता. लिहायचे मनात होतेच. सुरुवात कुठून करावी हे मानवत तालुक्यातल्या एका खालांनी सुचवले, त्यांच्याही नकळत.

दिवाळीनंतरचे दिवस होते. कापसाची वेचणी जोरात चालू होती. खाला आल्या त्या सुनेच्या खांद्यावर हात टाकून, अर्ध्या वाकलेल्या. वय पंचावन्नच्या आसपास. "बेटा, कमर गई मेरी," एवढेच म्हणाल्या. खुर्चीवर बसायलाही तयार नव्हत्या. बाकीचे सून सांगू लागली. सकाळी आठला शेतात गेल्या, पाचपर्यंत कापूस वेचला, काट्यावर मोजून दिला, इतर बायांबरोबर टेम्पोत बसून घरी आल्या. तोवर काहीच नाही. टेम्पोतून उतरल्या, दारातली भरलेली बादली न्हाणीत न्यायला म्हणून उचलली आणि तिथेच खाली बसल्या. रात्रभर कूस बदलता आली नाही.

"दिवसभर वाकून काही झालं नाही अन् एका बादलीनं कसं काय झालं?" सुनेने विचारले.

या प्रश्नाची तीन उत्तरे घरी आधीच मिळालेली होती. शेजारीण म्हणाली, नजर लागली. जाऊबाई म्हणाल्या, मणक्यात गॅप आली असणार. तिसऱ्या कुणी सुचवले की पायाळू माणसाची लाथ खा, उसण जाईल. सुनेचे या तिन्हींनी समाधान झाले नव्हते, आणि ते बरेच झाले, कारण तिचा प्रश्न अगदी नेमका होता. त्याचे उत्तर द्यायचे तर पाठीच्या आत डोकवावे लागते.

आपल्या घरांत हे समजावणे तसे सोपे आहे. बकरी ईदला कुर्बानीचा बकरा सोललेला आपण पाहतो. कण्याच्या दोन्ही अंगांना मानेपासून कमरेपर्यंत मांसाचे दोन लांबच लांब पट्टे असतात. कसाई चाप तोडतो तेव्हा हाडाला चिकटलेला जो गोल, मऊ तुकडा येतो, तो याच पट्ट्याचा आडवा काप. त्यावर एक चकचकीत पांढरा चिवट पडदा असतो, जो आपण सुरीने सोलून टाकतो. माणसाच्या पाठीतही हेच आहे, हाच पट्टा आणि हाच पडदा. फरक एवढाच की बकऱ्याचा कणा चार पायांवर आडवा टाकलेला असतो आणि आपला उभा रोवलेला. आडव्या तुळईचे आणि उभ्या खांबाचे काम वेगळे. आपल्या कमरेची बहुतेक दुखणी या उभे राहण्यातून आली आहेत.

पाठीत स्नायूंचे थर आहेत. वरचा थर खरे तर पाठीचा नाहीच, तो हातांचा आहे. डोक्याच्या मागच्या हाडापासून खांद्यांपर्यंत आणि खाली छातीच्या शेवटच्या मणक्यापर्यंत पतंगासारखा पसरलेला स्नायू म्हणजे ट्रॅपेझियस. डोक्यावर गाठोडे घेतल्यावर किंवा दिवसभर शिलाई मशीनवर बसल्यावर मानेच्या मुळाशी जो दगडासारखा घट्ट लागतो तो हाच. त्याच्याखाली कमरेपासून काखेपर्यंत गेलेला लॅटिसिमस, पाठीतला सगळ्यात रुंद स्नायू. विहिरीतून दोर ओढताना किंवा जात्याचा खुंटा स्वतःकडे खेचताना तो कामाला लागतो. आपल्यातले जुने पिंजारी आठवा. एका हाताने कमान तोलून धरायची आणि दुसऱ्याने तिच्या तातीवर लाकडी ठोकळा मारत राहायचा. दिवसभर कापूस पिंजणाऱ्या त्या माणसांच्या पाठी वरून रुंद आणि खाली निमुळत्या दिसत. ते याच दोन स्नायूंचे काम. मधला एक पातळ थर फासळ्यांचा आहे, श्वासाला मदत करतो. तो एवढ्यावर सोडू.

खरी पाठ आत आहे. चापेतला तो लांब पट्टा म्हणजे इरेक्टर स्पायनी, म्हणजेच कण्याला उभा ठेवणारा. कण्याच्या प्रत्येक बाजूला त्याच्या तीन दोऱ्या आहेत, आणि त्या खाली कमरेच्या हाडाला एकत्र बांधलेल्या आहेत. आपण उभे असतो तेव्हा हे स्नायू फार कमी काम करतात, कारण नीट उभा खांब आपल्याच वजनावर तोललेला असतो. पुढे झुकलो की ते जागे होतात. त्यांचे मोठे काम उचलण्याचे नाही. शरीर पुढे पडू नये म्हणून ते दोर सैल सोडत जातात, विहिरीत बादली सोडताना आपण दोर हातातून हळूहळू सोडतो तसे.

आणि त्याच्याही खाली, अगदी मणक्यांना चिकटून, बोटाएवढ्या स्नायूंची एक रांग आहे. एका मणक्यापासून निघून दोन, तीन, चार मणके वर जाणारी. तिचे नाव मल्टिफिडस. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल, काम लक्षात ठेवा. फेब्रुवारीत परभणीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात मोठमोठे शामियाने लागतात. लांब दोर खांबाला उभे धरतात, पण खांब ज्या तुकड्यांचा जोडलेला असतो त्यांचे सांधे हलू नयेत म्हणून जवळजवळ बांधलेल्या गाठी वेगळ्या असतात. मल्टिफिडस या त्या गाठी. गाठी ढिल्या असतील तर लांब दोर जितके ताणाल तितका खांब मधूनच वाकडा होतो.

जाता जाता सांगते, स्नायूंचा असा अवयवागणिक हिशेब मांडणे ही आजकालची गोष्ट नाही. इब्न सिना यांच्या 'कानून' या ग्रंथात, म्हणजे अकराव्या शतकात, हाडे आणि स्नायूंची स्वतंत्र प्रकरणे आहेत. युरोपातल्या विद्यापीठांत तो ग्रंथ पुढे कित्येक शतके शिकवला गेला.

आता बादलीचा हिशेब करू. पहारीने दगड उचलताना टेकू दगडाच्या जवळ ठेवतात, म्हणजे आपल्याकडची बाजू लांब राहते आणि थोड्या जोरात काम होते. पाठीत नेमके उलटे आहे. टेकू म्हणजे मणका. उचलणारा स्नायू त्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर. आणि वाकून हात लांब करून उचललेली बादली त्याच्या पुढे ४० सेंटिमीटरवर. म्हणजे स्नायूला बादलीच्या आठपट जोर लावावा लागतो. १५ लिटरची बादली म्हणजे १५ किलो, म्हणून स्नायूवर १२० किलो. यात आपल्या स्वतःच्या धडाचे वजन अजून धरलेलेच नाही. तीच बादली पायांजवळ ओढून, अंगाला लावून २० सेंटिमीटरवर धरली तर ६० किलो. पाणी तेवढेच, बाई तीच, भार निम्मा.

पण हा हिशेब सुनेच्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देतो. खाला अशा बादल्या रोज उचलतात. त्या दिवशीच का?

याचे उरलेले उत्तर १९५० च्या दशकात फ्लॉयड आणि सिल्व्हर या दोन ब्रिटिश संशोधकांच्या प्रयोगांत मिळते. स्नायू काम करतो तेव्हा त्यात बारीक वीज खेळते आणि ती यंत्रावर मोजता येते. त्यांनी माणसांना कमरेतून हळूहळू वाकायला सांगितले. वाकताना पाठीच्या स्नायूंची वीज वाढत गेली, हे अपेक्षितच होते. पण माणूस पूर्ण वाकला, हात पायांच्या बोटांकडे लोंबू लागले, आणि वीज बंद झाली. पाठीचे स्नायू चक्क गप्प. सगळे वजन पेलण्याची वेळ आली तेव्हाच त्यांनी अंग काढून घेतले.

मग वजन कोण पेलते? मणक्यांना मागून बांधणाऱ्या चिवट पट्ट्या म्हणजे अस्थिबंध, आणि मणक्यांमधल्या गाद्या. म्हणूनच पूर्ण वाकून राहणे सुरुवातीला सोपे वाटते. खुरपताना, कापूस वेचताना, घर पुसताना बायका "मी अशी तासभर वाकू शकते, मला काही होत नाही" म्हणतात ते खरेच असते. त्या वेळी स्नायू दमत नसतो, तो सुट्टीवर असतो. दमत असतात ते अस्थिबंध, आणि अस्थिबंधांना दमल्याचे लवकर सांगता येत नाही. ते फक्त हळूहळू लांबतात, जुन्या चड्डीच्या नाडीसारखे.

कॅनडातल्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी १९९२ मध्ये सहकाऱ्यासह हेच मोजले. माणसांना २० मिनिटे पूर्ण वाकून बसवले आणि मग कणा पुन्हा किती घट्ट होतो ते पाहिले. दोन मिनिटांत गेलेला घट्टपणा निम्माच परत आला. अर्ध्या तासानंतरही तो पुरता आला नव्हता.

आता खालांचा दिवस पुन्हा पाहा. पऱ्हाटीची खालची बोंडे वेचायला कमरेतून वाकायचे, कमरेला बांधलेली ओटी भरत जाईल तसे तिचे वजन पुढे ओढणार. असे आठ-नऊ तास. मग टेम्पोच्या तळाशी दाटीवाटीने, गुडघे पोटाशी घेऊन, पाठ गोल करून बसणे. तिथेही अस्थिबंध ताणलेलेच. आणि उतरल्या उतरल्या, कणा सैल आणि स्नायू अर्धवट जागे असताना, लांबून उचललेली बादली. बादलीने फक्त शेवटचे काम केले. तिच्या जागी रडणारा नातू असता तरी तेच झाले असते. पहाटे उठल्या उठल्या वाकून गादीची वळकटी उचलताना, लांबच्या एसटी प्रवासानंतर सामान उतरवताना कंबर धरते ती याच कारणाने. रात्री झोपेत मणक्यांच्या गाद्या पाणी शोषून फुगतात, सकाळी त्या तट्ट असतात, म्हणून पहिल्या तासात वाकून उचलणे विशेष वाईट.

सुनेला मी हे सगळे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग वेचणी सोडायची का? किलोवर पैसे मिळतात." नाही सोडता येणार, हे मलाही माहीत आहे. वाकणारी पाठ ही केवळ त्या बाईची सवय नसते, कामाची रचना तिला वाकवत असते. याचे एक उदाहरण फार दूरचे आहे, पण ऐकण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात कोबीसारखी पालेभाजी आणि बीट विरळणाऱ्या मजुरांना आखूड दांड्याची कुदळ दिली जायची. मेक्सिकन मजूर तिला 'एल कोर्तितो', म्हणजे 'आखूड', म्हणत. लांब दांड्याने तेच काम होत होते. पण आखूड दांडा असला की काम करणारा वाकलेला दिसतो आणि जरा सरळ झाला की मुकादमाला लगेच कळते. मजुरांचे पुढारी सेझार चावेझ स्वतः तरुणपणी हीच कुदळ चालवत आणि पुढे आयुष्यभर पाठीने त्रस्त राहिले. डॉक्टरांच्या साक्षी झाल्या, खटला तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७५ मध्ये ती कुदळ बंद झाली. शेती काही बंद पडली नाही.

आपल्याकडे हा विचार घराजवळच होतो आहे. १९७२ मध्ये परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आता त्याला वसंतराव नाईक यांचे नाव आहे. तिथले पूर्वीचे गृहविज्ञान, आताचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय शेतकरी बायांच्या कष्टांवर काम करते. कोणत्या कामात किती श्रम पडतात ते मोजणे आणि ते कमी करणारी साधी साधने दाखवणे, असे ते काम आहे. आपल्या बायका बियाणे आणायला विद्यापीठाच्या मेळाव्याला जाणाऱ्या पुरुषांबरोबर गेल्या, तर तो विभाग जरूर पाहावा. बियाण्याची पिशवी पुरुष आणतोच, पण वेचणीची पिशवी कमरेला लोंबवण्याऐवजी खांद्यांवरून कशी घ्यावी हे बाईनेच पाहिलेले बरे. ओझे दोन्ही खांद्यांवर आले की पुढची ओढ कमी होते.

पुरुषांचे ओझे वेगळे. मोंढ्यात पोती वाहणारे कितीतरी भाऊ आपल्याच मोहल्ल्यांतले आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचवली. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ चा. तरी एक फरक लक्षात घ्या. हमाल पोते पाठीवर, कण्याच्या जवळ घेतो. वजन मोठे पण अंतर थोडे. म्हणून मुरलेला हमाल पोत्याखाली क्वचित कोसळतो. दुपारी भिंतीला टेकून, पाठ गोल करून डुलकी काढल्यावर उठून पहिले पोते उचलताना त्याची कंबर जाते.

आता 'गॅप'विषयी. हा शब्द मी रोज ऐकते. फोटो काढला, गॅप निघाली, मग घरात कुणी त्या बाईला चहाचा कपसुद्धा उचलू देत नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये कधीच कंबर न दुखलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले. निम्म्याहून जास्त लोकांच्या कमरेत किमान एक गादी फुगलेली निघाली, आणि त्यांना काहीच होत नव्हते. वयाने केस पांढरे होतात तशा गाद्याही चपट्या होतात. कागदावरच्या शब्दाने घाबरून पाठ वापरणे बंद करू नका. न वापरलेला स्नायू वाळतो आणि मग खरेच दुखायला लागते.

पायाळूच्या लाथेचेही तसेच. उसण बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप उतरते. तोवर जो कुणी शेवटचा इलाज करतो त्याला श्रेय मिळते. लाथ हलकी असेल तर हसून सोडून द्यावी. पण म्हाताऱ्या बाईच्या पाठीवर लेकरू चालवणे मात्र अजिबात नको. वयाने हाडे पोकळ झालेली असतात, मणका दबून मोडतो. हिजामा करून घेणारे आपल्यात पुष्कळ आहेत. करायचाच तर पाते नवे आणि हात स्वच्छ असलेल्या माणसाकडून करावा. साखर असलेल्यांनी, रक्त पातळ होण्याची गोळी घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि बाजारात सुट्ट्या पुड्या मिळतात, घेतल्याबरोबर कंबर हलकी करणाऱ्या, त्यांना हात लावू नका. अशा पुड्यांत स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळ्यांची भुकटी निघते. कंबर हलकी होते आणि मूत्रपिंडे जातात.

झोपून राहणे हाही इलाज नाही. फिनलंडमध्ये १९९५ मध्ये नवी कंबरदुखी असलेल्यांचे गट केले. एकाला दोन दिवस अंथरूण, एकाला व्यायाम, आणि एकाला सांगितले की झेपेल तितके रोजचे काम चालू ठेवा. तिसरा गट सगळ्यात लवकर बरा झाला. आणि "जमिनीवर झोप" हा घरोघरचा सल्ला? स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांना २००३ मध्ये कडक आणि मध्यम गाद्या देऊन पाहिले. मध्यम गादीवाल्यांना आराम जास्त. आपली पिंजलेल्या कापसाची गादी, गोळे झालेली नसेल तर, याच मध्यम प्रकारात बसते. पिंजाऱ्याला दोन वर्षांनी एकदा हाक मारा.

काही खुणा मात्र थांबू देणाऱ्या नाहीत. लघवी-संडासवरचा ताबा सुटणे किंवा लघवी तुंबणे, बसायच्या जागी बधिरपणा येणे, पायात ताकद न राहणे, चप्पल पायातून निसटणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. पाठ दुखते आणि संध्याकाळचा ताप येतो, वजन उतरते, रात्री दुखण्याने जाग येते, तर मणक्याचा क्षय नाही ना हे तपासलेच पाहिजे. क्षय फक्त छातीत होतो असा समज अजून घट्ट आहे. त्याची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. सासरी कळेल म्हणून मुलीचे दुखणे लपवलेली घरे मी पाहिली आहेत. मणका खचल्यावर ते लपत नाही.

खालांच्या बाबतीत यातले काही नव्हते. तपासून झाल्यावर मी त्यांना वाकायला कसे हवे ते दाखवू लागले. कंबर न मोडता, खुब्यातून झुकायचे. गुडघे थोडे सैल, मागचा भाग मागे, पाठ फळीसारखी. कितीही सांगितले तरी त्या पाठच गोल करत होत्या. मग मी सहज म्हटले, "खालू रुकू करतात तसं." लगेच जमले.

नमाज व्यायाम म्हणून पढायची नसते, त्यामुळे तिचे शारीरिक फायदे मोजत बसणे मला आवडत नाही. पण हे नाकारता येत नाही की प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या नमाजचे जे वर्णन हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आले आहे, त्यात रुकूच्या वेळी डोके ना वर उचललेले ना खाली पाडलेले, असे आहे. पाठ सरळ ठेवणे हे मुलांना मदरशात पहिल्या दिवसापासून शिकवले जाते. हीच ती खुब्यातली घडी. या स्थितीत पाठीचे स्नायू गप्प होत नाहीत, ते जागे राहून वजन पेलतात, आणि मांडीच्या मागचे व ढुंगणाचे मोठे स्नायू मदतीला येतात. आपल्याकडे हनफी पद्धतीत स्त्रिया रुकूत थोड्याच झुकतात, म्हणून ही घडी बायकांच्या अंगवळणी पडलेली नसते. नमाज जशी पढता तशीच पढा. घडी चुलीपाशी आणि बादलीपाशी शिका. ज्यांना उसणीच्या दिवसांत रुकू-सजदा झेपत नाही त्यांना बसून पढण्याची सवलत आहेच. त्याचे मसले आपल्या मौलाना साहेबांना विचारावेत, ओढून-ताणून पाठ आणखी दुखवू नये.

खालांना तीन गोष्टी सांगितल्या. वेचताना दर पंधरा-वीस मिनिटांनी, म्हणजे साधारण एक ओळ संपली की, सरळ उभे राहून दोन्ही हात कमरेवर ठेवायचे आणि पाच वेळा सावकाश मागे झुकायचे. टेम्पोतून उतरल्यावर लगेच काही उचलायचे नाही. आधी वुजू करा, अंगणात चार फेऱ्या मारा, लेकराची चौकशी करा, बादली पळून जात नाही. आणि उचलायची तेव्हा आधी पायांजवळ ओढायची, शक्यतो अर्धीच भरायची.

चौथी गोष्ट दुखणे उतरल्यावरची, आणि तीच बहुतेक जण सोडतात. ऑस्ट्रेलियात १९९६ मध्ये असे दिसले की पहिल्यांदा कंबर धरलेल्यांचे दुखणे गेले तरी आतला तो मल्टिफिडस दुखऱ्या बाजूला बारीकच राहिला. व्यायाम करणाऱ्यांचाच तो नीट भरला. "एकदा उसण भरली की दरवर्षी भरते" असे म्हणतात त्यामागे ही ढिली राहिलेली गाठ असते. व्यायाम सोपा आहे. लेकरू रांगते तसे हात-गुडघ्यांवर या. पाठ सपाट. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करा, आठ-दहापर्यंत मोजा, खाली घ्या, मग दुसरी बाजू. प्रत्येक बाजूला सहा वेळा. फजर झाल्यावर लगेच नको, तासाभराने करा, गाद्या जरा बसू द्या. यासोबत रोज अर्धा तास चालणे. गरोदर भगिनींनी आणि शस्त्रक्रिया झालेल्यांनी विचारल्याशिवाय करू नये.

खाला दहा-बारा दिवसांनी परत आल्या. चालत, एकट्या. व्यायामाचे विचारले तर हसल्या. रांगताना नातू पाठीवर चढून बसतो म्हणाल्या, घोडा समजून. मी म्हटले, नातवाला आठ-दहा आकडे मोजायला लावा, तेवढीच त्याची अभ्यासाची उजळणी. वेचणीला त्या दुसऱ्याच दिवशी गेल्या, फक्त अर्धा दिवस. सून सांगत होती की आता बांधावर सगळ्याच बाया ओळ संपली की कमरेवर हात ठेवून मागे झुकतात. मालकाने पहिल्या दिवशी विचारले, हे काय चाललेय? खालांनी त्याला सांगितले, "डॉक्टरने बोला है," आणि पुढची ओळ धरली.